फिल्टर नवा घ्यावा की दादांचं ऐकावं?

बावधनला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा: त्यांचा बारा जणांचा ट्रेकचा ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अमेरिकेतल्या भावाकडून चार लिटरचा ग्रॅव्हिटी फिल्टर मागवला. वर मळक्या पाण्याची पिशवी टांगायची, मधे नळीत फिल्टर, खाली स्वच्छ पाण्याची पिशवी. पंप नाही, वीज नाही. सुरुवातीला तीन मिनिटांत पिशवी रिकामी व्हायची, आता पाऊण तास लागतो. प्रत्येक ट्रेकनंतर त्या तो घरच्या नळाखाली उलटा धरून धुतात, तरी फरक पडत नाही. पावसाळ्यातल्या शेवटच्या ट्रेकनंतर दुसऱ्याच दिवशी दोघांना जुलाब झाले आणि सगळ्यांनी फिल्टरकडे बोट दाखवलं. ग्रुपमधले ज्येष्ठ दादा म्हणतात, "तीस वर्षं गडावरच्या टाक्यांचं पाणी पितोय, मला काही झालं नाही. हे नखरे कशाला?" आता डिसेंबरात राजगड-तोरणा ठरलाय, गडावर मुक्काम आहे, आणि एका मैत्रिणीची अकरा वर्षांची मुलगी सोबत येणार आहे. ताई विचारतात: नवा फिल्टर घेऊ, सगळ्यांना पाणी घरूनच आणायला सांगू, की दादांचं ऐकू?

ताई,

तुम्ही तीन पर्याय दिलेत. तिन्हींच्या मुळाशी तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे फिल्टर बाद झाला. तुमच्या वर्णनावरून मला तो तुंबलेला वाटतो. तुंबलेला फिल्टर बहुतेक वेळा घरीच मोकळा होतो, त्यामुळे नव्यासाठी पैसे काढून ठेवण्याआधी एक रविवार सकाळ त्याला द्या.

आधी पाऊण तासाचा हिशेब बघू, कारण मला वाटतं तुमच्या ग्रुपमधली कुरकुर तिथून सुरू झाली आहे. बारा जणांना मुक्कामाच्या दिवशी माणशी तीन लिटर धरलं तर छत्तीस लिटर पाणी लागतं. म्हणजे नऊ पिशव्या. पिशवीमागे पाऊण तास म्हणजे पावणेसात तास! दिवसभर चढून आलेला माणूस इतकं कशाला थांबेल? तो बाटली घेऊन सरळ टाक्यावर जाणार. तुम्हाला तो फिल्टरचा अपमान वाटतो, पण त्याला फक्त तहान लागलेली असते. वेग परत आला तर याच नऊ पिशव्या भरण्या-टांगण्यासकट तासाभरात होतील, आणि "नखरे" हा शब्द बराचसा आपोआप विरेल.

आता तुंबलं कशाने ते पाहू. फिल्टरच्या नळकांड्यात केसासारख्या बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या भिंतींना छिद्रं असतात: सॉयर कंपनीच्या फिल्टरांत 0.1 मायक्रॉन, प्लॅटिपस कंपनीच्या ग्रॅव्हिटीवर्क्समध्ये 0.2 मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पाणी भिंतीतून आत झिरपतं, गाळ आणि जंतू बाहेर अडकतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या लाल मातीचं पाणी थेट यात ओतलं की दोन पिशव्यांत दम निघतो. ही झाली बाहेरच्या बाजूची घाण. ती उलट्या प्रवाहाने निघते, आणि तुम्ही तेच करताय.

पण कोणत्या पाण्याने? पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की सोसायटीत निम्मं वर्ष टँकर असतो. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं असतं, म्हणजे जड. तुमच्या गीझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या शॉवरवर जो पांढरा थर बसतो, तोच आता फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ बाजूला बसतोय. तो कितीही उलटं धुतलं तरी जात नाही, उलट दर धुण्यागणिक वाढतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उलटं धुताना पाणी फिल्टरच्या स्वच्छ बाजूने आत शिरतं. टँकरचं पाणी तुम्ही न उकळता पिणार नाही, मग ते त्या बाजूला कसं चालेल? तेव्हा ग्रुपचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही, हे मान्य करू. उलटं धुवायचं ते पिण्याच्याच पाण्याने: घरच्या आरओचं, किंवा उकळून गार केलेलं.

रविवारी असं करा. फिल्टरला जोडलेलं कार्बनचं वेगळं नळकांडं असेल तर आधी काढून बाजूला ठेवा. मुख्य फिल्टर हाताला सोसेल इतक्या कोमट पिण्याच्या पाण्यात तासभर बुडवा. उकळतं पाणी नको, नळ्या आणि त्यांना धरून ठेवणारा डिंकासारखा भाग दोन्ही खराब होतात. मग उलट्या बाजूने पाणी दाबा. सोबत पिचकारी आली असेल तर तिने, जोर लावून, अनेकदा. हळूहळू सोडलेलं पाणी आधीच मोकळ्या असलेल्या वाटांनी निघून जातं आणि तुंबलेल्या तशाच राहतात. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं आलं तर खूश व्हा. यानंतरही वेग नसेल तर क्षारांचा इलाज: स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायचा, मग पुन्हा उलटा धुवायचा, वास जाईपर्यंत. सॉयरच्या फिल्टरला हे चालतं. तुमचा दुसऱ्या कंपनीचा असेल तर सोबतचा कागद एकदा वाचा. कॅटाडिनच्या बीफ्रीसारखे काही फिल्टर उलटे धुवायचेच नसतात, पाण्यात हलवून खळखळायचे असतात.

त्यानंतर एक चाचणी. फिल्टर पूर्ण ओला असताना मळक्या बाजूने तोंडाने फुंका (आधी ती बाजू नीट धुवा, अर्थातच). ओल्या नळ्यांच्या भिंतीतून हवा जाऊ शकत नाही, इतकी ती छिद्रं बारीक असतात. फुंकर अडली तर नळ्या शाबूत. दुसरं टोक पाण्यात धरल्यावर भराभर बुडबुडे आले तर आत कुठेतरी नळी तुटली आहे. असा फिल्टर फेकायचा, कारण वेग छान असला तरी त्यातून पाणी गाळलं जात नाही. खडकावर आपटलेला आणि एकदा गोठलेला फिल्टर असा जातो. सह्याद्रीत गोठण्याची भीती नाही, पण हिमालयात केदारकंठा किंवा हर की दूनला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी रात्री तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये सोबत घ्यावा. आतली ओल गोठली की नळ्या फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नवा फिल्टर घ्यायचा तो या चाचणीत जुना नापास झाला तर. पाऊण तासाच्या तक्रारीवरून नको.

गडावरही वेग कमी झाला की लगेच धुवायला घेऊ नका. पुष्कळदा नळीत हवा अडकलेली असते. खालची पिशवी क्षणभर वरच्या पिशवीपेक्षा उंच धरली की पाणी उलटं जाऊन हवा वर निघून जाते, थोडा गाळही सुटतो. फिल्टरला जोडलेली पिशवी बुरुजाच्या फुटभर कट्ट्यावर ठेवून लोक वैतागतात. तिला उंची हवी. झाडाची फांदी, देवळाचा खांब, काहीही, पण दोन्ही पिशव्यांतलं अंतर जितकं जास्त तितका जोर जास्त, अंतर दुप्पट केलं तर वेगही जवळपास दुप्पट.

गढूळ पाणी थेट ओतू नका. पातेल्यात तासभर निवळू द्या, वरचं पाणी जुन्या सुती कापडाच्या घड्यांतून गाळा, मग पिशवीत. आजी घागरीवर फडकं बांधायची त्याला कमी लेखू नका. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं, तर तिथलं कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. 2003 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात, असं त्याचं कारण. कापड फिल्टरची जागा घेत नाही, पण त्याचं आयुष्य वाढवतं.

आता जुलाबांचं. त्या दोघांना "दुसऱ्याच दिवशी" झाले, म्हणून फिल्टर दोषी, असं सगळ्यांनी ठरवलं. हे "दुसऱ्याच दिवशी" जरा तपासू. पाण्यातून येणारे बरेचसे आजार इतक्या घाईने येत नाहीत. कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू साधारण दोन ते पाच दिवस घेतो. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गुईलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला तोच हा. जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीला एक ते दोन आठवडे लागतात. हिपॅटायटिस ए म्हणजे कावीळ, साधारण महिनाभराने. हिपॅटायटिस ई, हीसुद्धा कावीळच, दोन ते दहा आठवड्यांनी. काही तासांत किंवा रात्रीतून पोट बिघडलं तर आदल्या दिवशीचं खाणं आधी आठवावं. वाटेत कुठली मिसळ खाल्ली? डब्यातलं काही आंबलं होतं का? आणि गडावर ताक घेतलं होतं का? मावशी डोक्यावर माठ घेऊन चढतात, त्यांच्या ताकाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, पण ताकात आणि लिंबू सरबतात घातलेलं पाणी कुठल्याच फिल्टरमधून गेलेलं नसतं. आम्ही फिल्टरचंच पाणी प्यायलो असं छातीठोक सांगणाऱ्यांनी सरबत हिशेबात धरलेलं नसतं.

हाच मुद्दा दादांनाही लागू आहे, फक्त उलट्या बाजूने. तीस वर्षं काही झालं नाही, हे ते खरंच सांगत असणार. पण महिन्याने झालेली कावीळ कुणी ट्रेकशी जोडतं का? ती ऑफिसच्या कँटीनच्या किंवा पाणीपुरीवाल्याच्या नावावर जाते. दादांच्या वयाच्या माणसांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून प्यायलेल्या पाण्यातून शिरलेला तो जंत साधारण वर्षभराने पायातून बाहेर यायचा. पाणी प्यायलेल्या दिवशी कुणालाच काही झालेलं नसायचं. गाळलेलं पाणी, विहिरींची दुरुस्ती आणि गावोगाव केलेलं काम यांमुळे 1996 नंतर देशात रुग्ण सापडला नाही आणि 2000 साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. दादांशी बोलताना हे जरूर काढा, पण वाद म्हणून नको. त्यांना विचारा, त्यांच्या गावी होता का? गप्पा रंगतील.

आणि दादांकडे एक ज्ञान आहे जे तुमच्या फिल्टरकडे नाही: कुठलं टाकं घ्यायचं. सिंहगडाच्या देवटाक्याचं पाणी लोक आवडीने का पितात आणि शेजारचं दुसरं टाकं का सोडतात, हे अनुभवाने कळतं. राजगडावर पद्मावती माचीवर पिण्याचं टाकं कोणतं आणि ज्यात लोक पाय धुतात तो तलाव कोणता, हे त्यांना डोळे मिटून सांगता येईल. कातळात खोदलेलं, सावलीतलं, खोल टाकं आणि उघड्यावर पडलेलं, गुरं उतरतात असं तळं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फिल्टरला जितकं स्वच्छ पाणी द्याल तितका तो टिकतो. त्यामुळे पाणी निवडायचं काम दादांकडे द्या, गाळायचं तुमच्याकडे ठेवा.

आता तुमच्या बाजूने एक गैरसमज दूर करायला हवा. फिल्टर नीट चालू लागला तरी तो सगळं थांबवत नाही. जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जीव त्यात अडकतात. विषाणू अडकत नाहीत. काविळीचा विषाणू त्या छिद्रांच्या मानाने फारच लहान आहे, तो आरामात निघून जातो. लेप्टोचा, म्हणजे उंदीर-गुरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, जिवाणू लांबुळका पण इतका बारीक असतो की 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून निसटू शकतो, आणि गडावर उंदीर आणि गुरं दोन्ही असतात. शेतातून वाहून आलेली कीटकनाशकं आणि खतं यांनाही तो फिल्टर अडवत नाही. कार्बन वास आणि चव बदलतो, त्यावरून पाणी शुद्ध झालं असं समजू नका.

म्हणून मुक्कामाच्या ट्रेकला दोन पायऱ्या ठेवा: आधी गाळणं, मग क्लोरीन. हा क्रम महत्त्वाचा. गाळ असलेल्या पाण्यात क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतो. आणि क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम फिल्टरमध्ये आधीच अडकलेला असतो, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. औषधाच्या दुकानात क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्राव मिळतो. गोळ्या एक लिटरच्या, पाच लिटरच्या, वीस लिटरच्या अशा वेगवेगळ्या असतात, तेव्हा पाकिटावरचं वाचून चार लिटरच्या पिशवीचा हिशेब घरीच करून ठेवा. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चिमटीने अंदाजे घालण्याचा उद्योग करू नका. ग्रुपमध्ये कुणी गरोदर असेल तर हिपॅटायटिस ई फार धोकादायक ठरू शकतो. तिच्यासाठी उकळलेलंच पाणी.

उकळणं हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि तो तुमचं काम कमीही करतो. आपला सह्याद्री फार उंच नाही. कळसूबाईसुद्धा 1646 मीटर. इथे पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरतं. मग चहाचं, खिचडीचं, रात्रीच्या सूपचं पाणी फिल्टरमधून काढायचं कशाला? ते नुसतं कापडातून गाळा आणि उकळा. हात-भांडी धुवायलाही गाळलेलं नको, साबण हवा. छत्तीस लिटरांतले दहा-बारा लिटर असेच कमी होतील.

उरला स्पर्श. माझा अनुभव असा की पाणी फिल्टरमध्ये बिघडत नाही, फिल्टरनंतर बिघडतं. मळकी पिशवी टाक्यात बुडवून आणली, तिच्या बाहेरून ओघळणारे थेंब खाली उघड्या बाटलीच्या तोंडात. त्याच ओल्या हाताने स्वच्छ नळीचं टोक पकडलं. अंधारात फिल्टर उलटा जोडला, बाण पाहिलाच नाही, आणि टाक्याचं पाणी स्वच्छ बाजूने आत गेलं. यावर उपाय साधा आहे: मळक्या पिशवीला आणि तिच्या नळीला लाल चिकटपट्टी गुंडाळा, फिल्टरवरच्या बाणाला मार्करने ठळक करा, आणि एका वेळी दोघंच हे काम करतील असं ठरवा, एक लाल बाजू हाताळणार, दुसरा स्वच्छ. बारा जणांनी येता-जाता हात लावायचा नाही. मैत्रिणीच्या मुलीला स्वच्छ बाजू द्या. अकरा वर्षांची मुलं असले नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतात, शिवाय दादांना "काका, हात धुतलेत का?" असं तीच विचारू शकते. तुम्ही विचारलंत तर भांडण होईल.

ट्रेकहून आल्यावर ओला फिल्टर पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकू नका. पिण्याच्या पाण्याने उलटा धुवा. मग लिटरभर पाण्यात साध्या, बिनवासाच्या घरगुती ब्लीचचे दोन थेंब टाकून ते त्यातून जाऊ द्या, झटकून पाणी काढा आणि सावलीत वाळवा, झाकणं उघडी ठेवून. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तो चार दिवसांतही धड वाळत नाही, तेवढा वेळ द्या. पूर्ण वाळलेला फिल्टर पुढच्या वेळी पहिल्यांदा हट्टीपणा करतो, पाणीच सोडत नाही. निघायच्या आदल्या रात्री भिजत घातला की सुटतो. ही तपासणी घरी करा, गडावर सगळे तहानलेले असताना नको.

सगळ्यांना पाणी घरूनच आणायला सांगायचं का? पायथ्यापासून वर जाईपर्यंतचं, हो. दोन दिवसांचं, नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर सहा लिटर कोण लादणार? पण दुसऱ्या दिवशीची गोष्ट वेगळी आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी जी धार आहे, तिच्यावर पाण्याची भरवशाची सोय नाही. वाटेत धनगराचं घर लागलं आणि त्यांनी दिलं तर त्यांचे उपकार, पण त्यावर बारा जणांचा बेत आखू नका. तेव्हा पहाटे राजगडावरच सगळ्यांच्या बाटल्या भरायच्या, माणशी तीन लिटर, मुलीचं थोडं तिच्या आईकडे आणि थोडं दादांकडे. क्लोरीनला अर्धा तास हवा, म्हणून हे पाणी रात्रीच गाळून ठेवा, जेवणं चालू असताना पिशवी देवळाच्या खांबाला टांगलेली राहू द्या. सोबत ओआरएसची चार-पाच पाकिटं असू द्या. एक अख्खं पाकीट त्याच्यावर लिहिलेल्या मापाच्या शुद्ध पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असं नाही. जुलाबात रक्त दिसलं, ताप चढला किंवा मुलगी पाणीही पोटात ठेवेनाशी झाली तर तोरणा राहू द्या, सरळ खाली उतरून डॉक्टर गाठा.